एक टक्का

सर कुठल्याच गोष्टीला शंभर टक्के देत नसत. वहिनींच्या वांग्याच्या भाजीला पंच्याऐंशी, चंदीगडच्या हिवाळ्यातल्या उन्हाला नव्वद, आमच्या डायरेक्टरांच्या भाषणाला चाळीस आणि तेही ते थोडक्यात आटोपलं तर. वहिनी एकदा मला म्हणाल्या होत्या, "आमच्या लग्नाला यांनी बासष्ट दिले होते. आता सत्तरावर आलेत. मी अजून आशा सोडली नाही." सर शेजारीच बसले होते. त्यांनी हे खोटं आहे असं म्हटलं नाही, फक्त सत्तर नव्हे, बहात्तर, एवढी दुरुस्ती केली.

मी कराडची. एम.एस्सी. झाल्या झाल्या लग्न झालं, यजमान बँकेत, त्यांची बदली चंदीगडला. घरात बसून करणार काय, म्हणून अर्ज केला आणि संरक्षण खात्याच्या एका प्रयोगशाळेत लागले. पहिल्या दिवशी ज्या विभागात मला पाठवलं त्याचे प्रमुख मराठी आहेत हे ऐकून मला माहेर भेटल्यासारखं झालं. आत गेले तर एक उंच, वाकलेले गृहस्थ खिडकीतून बाहेर घारीकडे बघत होते. मी नाव सांगितलं. ते वळलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "हे पाय, पंख हलवून रायली का ती? नाही. मंग वर कशी चढून रायली?" मी म्हटलं, बहुतेक गरम हवेमुळे. तेव्हा ते वळले. "बहुतेक नाही म्हणायचं इथं. माहीत असलं तर सांगायचं, नसलं तर नाही माहीत म्हणायचं."

सर यवतमाळचे. इतकी वर्षं उत्तरेत काढूनही त्यांची वऱ्हाडी जागची हलली नव्हती. हिंदी बोलायचे तीसुद्धा वऱ्हाडीच्याच चालीवर. मला ते 'पोरी' म्हणत; रागावले की 'मॅडम'. पहिल्या वर्षी मी बहुतेक मॅडमच होते.

आमचं काम काय होतं ते आता सांगायला हरकत नाही, कारण तसलं काम आज जगभर चालतं आणि टीव्हीवर दाखवतात. वरून सोडलेला बॉम्ब खाली पडतो हे कोणालाही कळतं. तो नेमका कुठं पडतो, हा आमच्या पोटापाण्याचा प्रश्न होता. साध्या लोखंडी बॉम्बला पंख बसवायचे, शेपटीला हलणारी पाती आणि नाकाशी एक डोळा. विमानाने तो लांबूनच सोडायचा आणि माघारी फिरायचं. सुटल्यावर बॉम्बचे मिटलेले पंख उघडतात आणि तो घारीसारखा तरंगत जातो. लक्ष्यावर कुणीतरी लेझरचा ठिपका धरून ठेवलेला असतो. तो ठिपका त्या डोळ्याला दिसला की शेपटी त्या दिशेने वळते. ऐकायला सोपं आहे. आमच्या विभागाची सगळी उमेदीची वर्षं त्यात गेली.

डोळा सरांचा होता आणि पंख सिंगसाहेबांचे.

सिंगसाहेब म्हणजे सरांचे जुने सहकारी, धिप्पाड सरदारजी, लुधियानाकडचे. दोघं एकाच सुमाराला नोकरीला लागले होते आणि एकमेकांशी 'तू'ने बोलत. स्वभाव म्हणाल तर दोन टोकं. सिंगसाहेबांच्या लेखी सगळंच दोनशे टक्के. पावसाळी हवा दोनशे टक्के, कँटीनचा समोसा दोनशे टक्के, आणि स्वतः काढलेलं पंखांचं डिझाइन तर विचारूच नका. सर त्यांना म्हणत की शंभराच्या वर टक्के नसतातच, तू गणितात पास कसा झालास. सिंगसाहेब म्हणत, तुझ्यासारख्या कंजूष माणसामुळेच देशाची प्रगती अडली आहे. दुपारी दोघं डब्यांची अदलाबदल करत. सिंगसाहेबांच्या घरचे लोण्याचे पराठे सर खात आणि वहिनींची ज्वारीची भाकरी आणि ठेचा सिंगसाहेब खात. ज्वारीचं पीठ तिकडं मिळत नसे. वहिनी यवतमाळहून ट्रंकेत भरून आणत आणि त्यातलं निम्मं या सरदारजींच्या पोटात जाई. तिखटाने त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत असे, पण डबा परत करत नसत.

चंदीगडबद्दल आम्हा मराठी माणसांच्या तक्रारी ठरलेल्या. शहर कसलं, आलेखाचा कागद आहे, गल्ली नाही, बोळ नाही, सेक्टर अमुक आणि घर नंबर तमुक. मंडळाच्या गणपतीत जमलो की हेच बोलणं. सरांना मात्र तेच आवडे. म्हणायचे, इथं कोणी मारुतीच्या देवळामागं, निंबाच्या झाडापाशी, असा पत्ता सांगत नाही. आकडा सांगतात आणि माणूस त्या आकड्यावर सापडतो. ते सायकलवर फिरत. प्रत्येक चौकातल्या गोल चक्करपाशी उतरून सायकल हातात धरून ते पार करत, कारण समोरचा कुठं वळणार आहे याचा अंदाज करता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. सुटीच्या दिवशी क्वार्टरच्या गच्चीवरून पुठ्ठ्याची ग्लायडरं सोडत. ती शेजारच्या पंजाबी मावशींच्या वाळत घातलेल्या वड्यांवर पडत. मावशी ती गोळा करून संध्याकाळी आणून देत आणि विचारत, आज पण चुकलं का हो? सर प्रामाणिकपणे सांगत, हो, आज पण.

एका गोष्टीवर मात्र त्यांच्याशी थट्टा चालत नसे. मी एकदा आकडेमोड दाखवताना म्हटलं की निशाण्याच्या जवळपास पडेल. सरांनी पेन्सिल खाली ठेवली.

"जवळपास म्हणजे कोणाच्या घरावर, मॅडम?"

मला वाटलं, नेहमीची टोचणी. पण त्या दिवशी ते पुढे बोलले. एकदाच बोलले, नंतर तो विषय कधी काढला नाही. तरुण असताना, युद्ध संपल्यावर, बॉम्बनी पाडलेले खड्डे मोजायला त्यांना सरहद्दीवर पाठवलं होतं. एका ठिकाणी नदीवरचा पूल उडवायचा होता. बॉम्ब आपला, विमान आपलं. सर मोजपट्टी घेऊन गेले तर पूल जागेवर उभा आणि खड्डा दोन शेतं पलीकडे. तिथं गावची विहीर होती. पहाटे बाया पाण्याला येत.

"पूल तसाच होता," सर म्हणाले. "विहीर नव्हती."

मग त्यांनी पेन्सिल उचलली आणि माझी आकडेमोड पहिल्यापासून तपासायला घेतली. लोकांना वाटे की हा माणूस विक्षिप्त आहे, तराजूच्या काट्यावर जगतो. मलाही वाटे. त्या दिवसानंतर मी त्यांच्यापुढे 'जवळपास' हा शब्द काढला नाही.

ते दिवस पंजाबात वाईट होते. संध्याकाळ झाली की चंदीगडचे रुंद रस्ते ओस पडत. चौकाचौकात वाळूची पोती आणि त्यामागे बंदुका. बेवारस वस्तूला हात लावू नका, सीटखाली बघून बसा, असं बसमध्ये सांगत. ट्रान्झिस्टरमध्ये बॉम्ब, डब्यात बॉम्ब. कर्फ्यू लागला की आम्ही दुधाची पावडर आणि बटाटे यांवर राहत असू. एकदा एका बस स्टँडवर स्फोट झाला. दुसऱ्या दिवशी सर सायकलवरून तिथं जाऊन आले. दुपारी डबा उघडला आणि तसाच बंद केला. सिंगसाहेबांनी विचारलं तेव्हा म्हणाले, "निशाणाच नव्हता त्याला. जो सापडेल तो." सिंगसाहेबांनीही मग आपला पराठा कागदात गुंडाळून ठेवला.

सिंगसाहेबांसाठी तो काळ दुहेरी वाईट होता. दिल्लीत सरदारांना जाळलं, त्यानंतर त्यांनी रेल्वेने दिल्लीला जाणं सोडलं; बैठकांना त्यांच्या वतीनं सर जात. इकडे त्यांच्या बायकोच्या माहेरचा एक भाचा गावातून नाहीसा झाला. तो अतिरेक्यांना मिळून सरहद्दीपलीकडे गेला म्हणणारे होते, पोलिसांनी उचलला म्हणणारेही होते. सिंगसाहेबांनी ही गोष्ट सगळ्यांत आधी सरांना सांगितली आणि सरांच्या सांगण्यावरून स्वतः वरिष्ठांना कळवली. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं.

काही महिन्यांनी दिल्लीहून एक अधिकारी आले. सौम्य बोलणारे, सफारी सूट घातलेले, आल्या आल्या माझ्या मुलांची चौकशी करणारे. एकेकाला बोलावून ते सिंगसाहेबांबद्दल विचारत होते. सरांनी उठून त्यांच्या खोलीत जायला नकार दिला. म्हणाले, काम चालू आहे, इथंच विचारा. म्हणून ते आमच्या खोलीत येऊन बसले आणि म्हणून ते बोलणं मी ऐकलं.

सुरुवातीचे प्रश्न साधे होते. किती वर्षांची ओळख, काम कसं आहे, घरी जाणं-येणं आहे का. सरांनी नीट उत्तरं दिली. मग त्या अधिकाऱ्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"आप गारंटी ले सकते हैं कि इनसे कभी कोई बात बाहर नहीं जाएगी?"

सरांनी चष्मा काढला. एखाद्या अवघड समीकरणावर विचार करावा तसा त्यांनी खूप वेळ विचार केला. मला आत कुठंतरी वाटत होतं की आता यांनी पटकन 'हो' म्हणावं.

"गारंटी तो मैं अपनी भी नहीं ले सकता," सर म्हणाले. "आदमी के बारे में पूरा सौ टक्का कुछ नहीं होता."

"फिर भी? कितना भरोसा है आपको?"

"निन्यानवे," सर म्हणाले.

अधिकाऱ्यांनी मान हलवली, चहा संपवला, आभार मानले आणि गेले. सर माझ्याकडे वळले तेव्हा त्यांचा चेहरा उजळलेला होता. मला वाटतं, आपण मित्रासाठी आज फार मोठी गोष्ट केली, असंच त्यांना वाटत होतं. त्यांच्या हिशोबाने ते खरंही होतं. सरांनी तोवर कुठल्या माणसाला, यंत्राला, देवाला नव्व्याण्णव दिलेले नव्हते. पण दिल्लीच्या माणसाला हे कुठून ठाऊक असणार? त्याने उरलेला एक टक्का उचलला आणि घेऊन गेला.

पंधरवड्यात हुकूम आला. सिंगसाहेबांनी पंखांची सगळी रेखाटनं विभागाकडे सोपवायची आणि दुसऱ्या शहरातल्या एका भांडारात रुजू व्हायचं. तिथं त्यांनी जुनं सामान सांभाळायचं. कारण दिलेलं नव्हतं. सरांनी हुकूम वाचला आणि म्हणाले, यात टाइप करताना चूक झाली असणार. ते डायरेक्टरांकडे गेले. परत आले तेव्हा भिंतीचा आधार घेत आले. डायरेक्टरांनी त्यांना त्यांचंच उत्तर वाचून दाखवलं होतं.

मग सर दिल्लीला गेले, दोनदा गेले. समजावून सांगितलं की माझ्या नव्व्याण्णवाचा अर्थ काय. तिथल्या लोकांनी त्यांना आदराने बसवून घेतलं आणि सांगितलं की तुम्हीच म्हणालात, गॅरंटी नाही. सर म्हणाले, मंग आता लिहून देतो, शंभर. ते लोक नुसते हसले.

सिंगसाहेब निरोप घ्यायला आमच्या खोलीत आले, तो दिवस मला आठवतो. हातात रिकामा डबा होता; आदल्या दिवशीचा वहिनींचा. तो त्यांनी धुऊन पुसून आणला होता. सर उभे राहिले. म्हणाले, तुला ठाऊक आहे, याच्याहून जास्त मी कधी कोणालाच दिले नाहीत.

"मुझे पता है," सिंगसाहेब म्हणाले. "मैं तो जानता हूँ, यार. उनको थोड़ी पता है. एक बार झूठ बोल देता."

रागाने नाही बोलले. रागाने बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, मुलांना विचारलंय म्हणून सांग म्हणाले आणि गेले. त्या भांडारात ते रुजू झालेच नाहीत. राजीनामा दिला आणि चंदीगडजवळच्या खरड गावी एक लहान घर घेऊन राहू लागले, एवढं कानावर आलं.

त्यानंतर सरांनी टक्के देणं बंद केलं. वहिनींनी मुद्दाम वांग्याची भाजी करून विचारलं तर म्हणाले, चांगली आहे. वहिनी स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. प्रयोगशाळेत नवीन लोक आले, त्यांनी पंखांत बदल सुचवले. सरांनी एक रेघ हलवू दिली नाही. काही अडलं की बोलता बोलता ते सिंगसाहेबांच्या टेबलाकडे वळत आणि तिथं बसलेल्या नव्या माणसाला पाहून वाक्य अर्धवट सोडत. मी त्यांना म्हणत असे, सर, खरडला जाऊन या ना, तासाभराचा तर रस्ता. ते म्हणत, काय घेऊन जाऊ? हात हालवत जाऊ का?

अखेर चाचणी ठरली. वाळवंटातलं मैदान, दूरवर फक्कीने आखलेलं पांढरं वर्तुळ. विमान आम्हाला दिसलंही नाही, इतक्या लांबून त्याने बॉम्ब सोडला. त्यात दारू नव्हती, नुसतं वजन भरलेलं होतं. दोन्ही पंख एकाच क्षणी उघडायला हवे होते. एक जरी मागे राहिला असता तर सगळं कोलमडून भलतीकडे गेलं असतं. आमची दुर्बीण धरलेला माणूस ओरडला की उघडले. मग मला आकाशात एक काळा ठिपका दिसला, अगदी शांत, आवाज नाही, धूर नाही. तो आला आणि वर्तुळाच्या मध्यावर वाळू उडाली. लोक एकमेकांना मिठ्या मारू लागले. पेढे आले. फोटोसाठी सरांना मध्ये उभं करायला शोधू लागले तर ते जीपमध्ये जाऊन बसले होते. मला म्हणाले, "पोरी, आता जाता येईल खरडले."

चंदीगडला परतल्यावर पहिल्याच रविवारी आम्ही निघालो. वहिनींनी भाकरी आणि ठेच्याचा डबा दिला. मला सोबत घेतलं, कारण एकट्याने दार वाजवण्याचा त्यांना धीर नव्हता. बसमध्ये गर्दी होती. मोहालीच्या पुढे पोलिसांचा नाका लागला. दोन शिपाई आणि एक इन्स्पेक्टर वर चढले. आमच्या पुढच्या सीटवर एक तरुण सरदार बसला होता, विशीतला, मांडीवर गाठोडं. ओळखपत्र मागितलं तर त्याच्याकडे नव्हतं. कुठून आलास, कुठं चाललास, यावर तो अडखळला. इन्स्पेक्टरने त्याला खाली उतरायला सांगितलं.

त्या काळात नाक्यावर उतरवलेला पोरगा परत बसमध्ये चढेलच असं नव्हतं. बसमधले सगळे हे जाणत होते. सगळे खिडकीबाहेर बघू लागले. मीही बघू लागले. तो मुलगा उठला.

तेवढ्यात सर उभे राहिले. "ये मेरे साथ है."

इन्स्पेक्टरने वळून पाहिलं. सरांनी आपला पास काढून पुढे धरला. संरक्षण खात्याचा पास, त्यावरचा हुद्दा मोठा. इन्स्पेक्टरचा आवाज खाली आला. हा कोण तुमचा, असं त्याने विचारलं. सर म्हणाले, माझ्याकडे काम करतो, आजच लागलाय, अजून पास मिळायचा आहे.

"नाम क्या है इसका?"

सरांनी क्षणाचाही विलंब न लावता सिंगसाहेबांचं नाव सांगितलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

"आप गारंटी लेते हैं?"

"हाँ. पूरी. सौ टक्का."

इन्स्पेक्टरने पास परत दिला. मग शिपायांना खूण करून खाली उतरला. बस सुरू झाली. तो मुलगा बसला, पण त्याने मागे वळून पाहिलं नाही. खरड आल्याबरोबर गाठोडं घेऊन तो उतरला आणि बाजारात दिसेनासा झाला. आभार मानले नाहीत. त्या गाठोड्यात काय होतं ते आम्हाला कधीच कळलं नाही.

मी सरांना विचारलं की तुम्ही त्याला ओळखत होता का.

"नाही."

"मग सर, उद्या काही झालं तर?"

"तर मीच केलं ते, असं समजीन," सर म्हणाले. पुढचे कित्येक महिने सकाळी पेपर आला की ते उभ्यानेच स्फोटांच्या बातम्या वाचत आणि मगच खुर्चीत बसत. आपण चांगलं केलं, असं ते कधी म्हणाले नाहीत.

खरडच्या घराला कुलूप होतं. शेजारी म्हणाले की सरदारजी बायकामुलांना घेऊन गेले. आधी दिल्लीला भावाकडे म्हणत होते, मग कुठं ते ठाऊक नाही. पोलीस दोनदा येऊन गेल्यावर त्यांचं मन उडालं. सर त्या दाराशी उभे राहिले. मग डबा शेजारच्या बाईंना देऊन टाकला.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते थोडक्यातच झालं. वरून ठरलं की असा बॉम्ब बाहेरच्या देशाकडून घ्यायचा. तयार मिळतो, लवकर मिळतो. आमचा प्रकल्प गुंडाळला गेला. नमुना ताडपत्रीखाली गेला. सर निवृत्त होऊन यवतमाळला गेले. यजमानांची बदली होत होत अखेर नांदेडला झाली आणि आम्ही तिथंच घर केलं. वर्षाकाठी एकदोनदा वहिनींचा फोन येई; एकदा मी यवतमाळला त्यांच्या घरी जाऊनही आले. एका हिवाळ्यात त्यांनी सांगितलं की सर गेले. झोपेत गेले. वहिनी म्हणाल्या, "शेवटीशेवटी मला विचारायचे, खरडहून काही कळलं का."

त्यानंतरच्या उन्हाळ्यात कराडहून पाहुणे आले. नांदेडला आल्यावर गुरुद्वारा दाखवायचा असतोच. मी आजवर पुष्कळदा गेले होते. त्या दिवशी जोड्याच्या खिडकीशी चपला दिल्या आणि आतून सेवेकऱ्याने टोकन देताना म्हटलं, "सांभाळून ठेवा ताई, मागल्या वेळी एका बाईंनी हरवलं." मराठी स्वच्छ होतं, पण आवाज ओळखीचा. मी वाकून पाहिलं. दाढी पांढरीशुभ्र, पाठ वाकलेली. हातात कुणाचे तरी बूट.

त्यांनी मला लगेच ओळखलं. बाहेर येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवला. दहा-बारा वर्षं झाली इथं येऊन, म्हणाले; इतके दिवस आत लंगराच्या स्वयंपाकात होते, जोड्यांवर नुकतेच आले होते. दिल्लीत जमलं नाही. मुलगी नागपूरला दिली आहे. आम्ही भिंतीच्या सावलीत बसलो. सरांविषयी ते काही विचारेनात, म्हणून मीच चाचणीचं सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न केला, पंख एकदम उघडले का? मी म्हटलं, एकदम. त्यांनी डोळे मिटले आणि हलकेच हसले. मग मी बसमधला प्रसंग सांगितला. कोणाचं नाव घेतलं, तेही सांगितलं.

"सौ बोला?" त्यांनी विचारलं. "उसने?"

"पूरा सौ."

ते हसू लागले. हसता हसता फेट्याचं टोक डोळ्यांना लावलं. मग विचारलं, कुठं आहे तो आता? मी सांगितलं. आधी यवतमाळ म्हटलं आणि मग पुढचं.

खिडकीशी रांग वाढली होती. कुणीतरी हाक मारली तसे ते उठले, आत गेले, टोकन बघून एका म्हाताऱ्या बाईंच्या वहाणा शोधून काढल्या, खांद्यावरच्या फडक्याने त्यांची धूळ पुसली आणि तिच्यापुढे ठेवल्या. मग परत माझ्यापाशी आले.

"यवतमाळ त्याचं गाव, मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "नागपूरला जाताना दर वेळी लागतं. तिथला स्टँड आला की वाटायचं, उतरावं. मग वाटायचं, पुढच्या वेळी." त्यांनी विचारलं, "घर स्टँडपासून लांब होतं का हो?"

मी म्हटलं, नाही. चालत जाण्यासारखं होतं.

त्यांनी मान हलवली.

"बस तिथं वीस मिनिटं थांबते," ते म्हणाले.